डोरी हाय तवर

माझा हात जड आहे. माहेरी सगळ्यांना ठाऊक होतं, सासरी पहिल्या महिन्यात कळलं, आणि जालन्यात ह्या कॉलनीत राहायला आल्यावर दूधवाल्यापासून घंटागाडीवाल्यापर्यंत सगळ्यांनी त्याची धास्ती घेतली. कुणाला मारलं असं न्हाई. पण मी हात उचलला की समोरचा एक पाऊल मागं सरतो, आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. माणसं न्हाई मारली, पाखरं मात्र लई मारली. त्यातलं शेवटचं पाखरू कसं मेलं, आणि माझ्या एका जांबाच्या झाडापायी शेजारच्या म्हातारीचा जीव कसा टांगणीला लागला, ते लिहून ठेवते.

माझं माहेर अंबड तालुक्यातलं. आता तिकडं बघावं तिकडं कापूस न्हाईतर सोयाबीन, पण मी लहान असताना आमच्या रानात ज्वारी असायची. कणसात दूध भरायला लागलं की पाखरं उतरायची आणि राखणीला मी. रानाच्या मधोमध चार लाकडांचा माळा, वर मी, परकराच्या ओच्यात खडे आणि हातात गोफण. दिवस उगवायच्या आधी चढायचं आणि ऊन डोक्यावर आलं की भाकर खायला उतरायचं. घसा बसेस्तोवर ओरडायचं. पाखरं एका अंगाला उठली की दुसऱ्या अंगाला बसायची, आणि मी एवढुशी पोरगी, कुठं कुठं पुरणार?

बाप सांजेला बांधानं फिरायचा. पाखरांनी खाल्लेलं कणीस दिसलं की मोडून आणायचा, माझ्यापुढं करायचा आणि म्हणायचा, "धर." मी उजव्या हातात कणीस धरायचे आणि त्याच हातावर तो गोफणीची दोरी हाणायचा. एका कणसाला एक फटका. रडले तर वरून एक. वळ उठलेल्या हातानं सकाळी पुन्हा गोफण फिरवायची, मंग नेम कसा लागणार, आणि नेम लागला न्हाई की सांजेला पुन्हा कणसं. आई चुलीपुढं बसून सगळं बघायची. ती कधी मधी पडली न्हाई.

पहिला राघू मारला तेव्हा मी नऊ वर्षांची असेन. खडा बराबर मानेखाली बसला. माळ्यावरून उतरून बघितलं तर तो जित्ता होता, एक पंख ढेकळावर आपटून राह्यला होता आणि चोच उघडी. बाप लांबून बघत होता. तिथूनच त्यानं सांगितलं, पिरगाळ. मी पिरगाळली. त्या सांजेला बापानं कणसं मोडून आणली न्हाईत, आणि मला मार बसला न्हाई. एवढ्यावरून मी काय शिकायचं ते शिकले.

पुढं लग्न झालं. नवरा एमआयडीसीत लोखंडाच्या कारखान्यात, सळया ओढतात तिथं. शर्टाला ठिणग्यांची भोकं पडलेली, अंगाला जळक्या तेलाचा वास, आणि घरी आला की भिंतीला टेकून झोपणार. गरीब माणूस आहे. भाड्याच्या दोन खोल्यांत बरीच वर्षं काढून आम्ही ह्या कॉलनीत घर बांधलं आणि मागं परस सोडलं. घर नवऱ्याच्या नावावर, बापाचं रान भावांच्या नावावर. परसात मी एक जांबाचं रोप लावलं. पुण्यामुंबईकडं त्याला पेरू म्हणतात, आम्ही जांब म्हणतो. भांड्याचं पाणी, तांदळाचं पाणी, राख, शेण, सगळं त्याच्या बुडाला मी घातलं. ते झाड माझं होतं. जन्मात पहिल्यांदा कशाला तरी माझं म्हणले.

चौथ्या वर्षी झाड लागलं. आतून लाल जात होती. श्रावणात फांद्या वाकल्या आणि बराबर त्याच वेळेला राघू आले.

राघू भुकेपुरतं खातो असं ज्याला वाटतं त्यानं माझ्या परसात येऊन बघावं. एका जांबाला एक चोच मारणार, टाकणार, दुसऱ्यावर जाणार. सकाळी झाडाखाली अर्धे कुरतडलेले लाल जांब पडलेले असायचे आणि त्यांच्यावर मुंग्या. ते उचलताना माझा उजवा हात आपोआप मिटायचा. एवढी पन्नाशी गाठलेली बाई मी, पण हातात कुरतडलेलं फळ आलं की पाठीमागं बाप उभा आहे असं वाटायचं. मंग तळपायाची आग मस्तकात जायची.

आणि राघू येत होते कुठून, तर शेजारच्या गच्चीवरून. आमच्या भिंतीला भिंत लागून एक जैन कुटुंब आहे. त्यांचे आजे-पणजे राजस्थानातून आलेले, बियाण्याचा धंदा, मारवाडी बोलतात घरात आणि आमच्याशी आमच्यासारखंच. घरातल्या म्हातारीला सगळी कॉलनी माँजी म्हणते. बारकी, पांढऱ्या केसांची, दोरीला डोरी म्हणणारी, चालताना पायाखाली मुंगी आली तर थांबणारी. रोज सकाळी ती गच्चीवर पाखरांना ज्वारी टाकायची. ती त्याला चुग्गा म्हणायची. शंभर-शंभर पाखरं उतरायची. ज्वारी खाऊन झाली की तोंडाची चव बदलायला माझं झाड होतंच.

तसं आमचं बरं होतं. माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा पंधरा दिवस तिच्या घरून डबा आल्ता. मी तिच्या सुनेला पापड लाटू लागायचे. पण सकाळी ती मुठी भरभरून ज्वारी उधळायची आणि ते बघून माझ्या डोक्यात तिडीक जायची. ज्या ज्वारीच्या एकेका कणसापायी मी मार खाल्ला, ती ही बाई पाखरांना बोलावून बोलावून घालून राह्यली. हे मी तिला सांगितलं न्हाई. नवऱ्यालाबी कधी सांगितलं नव्हतं.

आधी डबा वाजवून बघितला. मंग जुन्या सीड्या टांगल्या, राघू त्यांच्यात तोंड बघायला यायला लागले. मंग सायकलवाल्याकडून ट्यूब आणून गुलेल केली. गोफण सुटून चाळीस वर्षं झाल्ती, तरी नेम गेला नव्हता. दोन दिवसांत तीन राघू आणि एक साळुंकी पाडली. एक राघू भिंतीवर पडला, तिथून सरकत खाली आला आणि भिंतीवर लाल रेघ उठली. ती मी पुसली न्हाई. एक खडा नेम चुकून शेजारच्या गच्चीवर गेला आणि पाखरांसाठी ठेवलेलं पाण्याचं मातीचं भांडं फुटलं. माँजीनं खापरं गोळा केली आणि नवं भांडं ठेवलं.

पण गुलेल घेऊन दिवसभर बसता येतंय थोडंच. मंग मी मासेवाल्याकडून जाळं आणलं. गळाला लावतात त्या तंगुसाचं, बारीक, पाण्यात काय अन् हवेत काय, बिलकुल दिसत न्हाई. नवऱ्याच्या मदतीनं झाडावरून टाकलं आणि चारी बाजूंनी खुंट्यांना ताणून बांधलं. माँजी भिंतीपाशी येऊन उभी राहिली. बोटानं जाळं चाचपलं आणि म्हणली, "ही डोरी लई बारीक हाय, बाई. त्यांना दिसायची न्हाई."

मी म्हणले, दिसू नये म्हणूनच आणलीय.

दुसऱ्या दिवशी सकाळी चार पाखरं अडकलेली होती. दोन बुलबुल मेले होते, मानेला तंगूस रुतून मुंडकी जवळजवळ तुटायला आलेली. एका साळुंकीनं सुटायच्या धडपडीत स्वतःचा पाय तोडून घेतला होता. राघू जित्ता होता आणि सगळ्या परसात ऐकू जाईल असा ओरडत होता. मी कात्री घेऊन एकेक कापून काढलं. जे जित्तं होतं ते पिरगाळलं. बोटांना सवय होती. बाप म्हणायचा तसं, एका झटक्यात. मंग त्या राघूचा पाय सुतळीनं बांधून तो झाडाच्या शेंड्याला उलटा टांगला, बाकीच्यांना दहशत बसावी म्हणून. आमच्या रानात असंच करायचे.

त्या दिवशी माँजीनं पहिल्यांदा विनवणी केली. भिंतीवरून हात जोडून तिनं सांगितलं की जांब हवे तेवढे मी बाजारातून आणून देते, रोज देते, पण ही डोरी काढ. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. एखादी असती तर वरमली असती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बाजारातले जांब? माझं झाड काय मी बाजारासाठी वाढवलं? तिच्या गच्चीवरून उडालेली ज्वारी माझ्या परसात पडलेली होती. ती मी दोन्ही हातांनी मातीसकट गोळा केली आणि भिंतीवरून तिच्या तोंडावर मारली. तुमची पाखरं तुमच्याकडं ठेवा म्हणले, आणि तोंडाला येईल ते बोलले. तिचा चष्मा पडला. कपाळाला मातीतला खडा लागला असणार, भुवईजवळ रक्ताचा थेंब आला. तिनं चष्मा उचलला, पदरानं पुसला आणि आत गेली.

नवरा म्हणला, हे बराबर न्हाई केलंस. मी त्याला तू झोप म्हणले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचं पर्युषण सुरू झालं. आठ दिवस त्यांच्यात उपास असतात. काही जणं आठी दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर राहतात, तेही दिवस मावळेपर्यंतच. माँजीनं तसाच उपास धरला. पंच्याहत्तरीची बाई, पण ती दरवर्षी काही ना काही करायचीच, त्यामुळं कुणाला वेगळं वाटलं न्हाई. इकडं माझं जाळं जोरात होतं. रोज दोन, कधी तीन. मेलेली पाखरं मी पिशवीत भरून घंटागाडीत टाकायचे. गाडीवाला पिशवी दोन बोटांत धरायचा.

पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी त्यांच्यात सगळ्यांची माफी मागतात. संध्याकाळी दार वाजलं, बघते तर माँजी. सुनेच्या खांद्यावर हात टाकून आल्ती. भुवईवरचा व्रण अजून होता. तिनं माझ्यापुढं हात जोडले आणि वर्षभरात माझ्याकडून तुझं मन दुखलं असेल तर माफ कर म्हणली. मी दारात उभी होते आणि खरं सांगते, मला जिंकल्यासारखं वाटलं. म्हणलं, आली ना शेवटी शरण. मी नुसती मान हलवली. माफी मागायची माझी पाळी होती हे मला सुचलंसुद्धा न्हाई.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी उपास सोडले. त्याला ते पारणं म्हणतात, मुगाचं पाणी वगैरे देऊन सोडवतात. माँजीनं सोडला न्हाई. सुनेनं वाटी तोंडाशी नेली तर तिनं हातानं बाजूला केली. मंग सगळे म्हणायला लागले की माँजीनं महिन्याचा उपास धरला वाटतं. त्यांच्यात तोही असतो, आणि त्याचा मान लई मोठा. रोज बायका यायच्या, गाणी म्हणायच्या, पाया पडायच्या. उपासवाल्या माणसाला बरं आहे का म्हणून विचारायला जायची त्यांच्यात रीत आहे. साता विचारणं म्हणतात. कॉलनीतल्या इतर बायकाही जाऊन आल्या. मी एकटी गेले न्हाई तर लोक बोलतील म्हणून बाराव्या दिवशी मीबी गेले.

आमच्या तालुक्याच्या माणसाला उपोषणाचं नवल सांगू नये. आमच्याकडं उपोषण म्हणजे मांडव, भोंगा, सतरंज्या, नाडी बघायला डॉक्टर, आणि मागणी काय ते फलकावर मोठ्या अक्षरांत. इथं त्यातलं काही नव्हतं. पांढऱ्या चादरीवर एक बाई भिंतीला टेकून बसलेली, गाल आत गेलेले, ओठांना पापुद्रे. खोलीत दहा-बारा बायका. मी आपलं विचारायचं म्हणून विचारलं, माँजी, कुठवर करणार हे?

तिनं माझ्याकडं बघितलं. सगळ्यांत फक्त माझ्याकडं.

"डोरी हाय तवर," ती म्हणली.

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. एकजण म्हणली, बघा, जीवनाची दोरी आहे तवर करीन म्हणतात, केवढं मोठं बोलल्या. दुपारपर्यंत कॉलनीच्या ग्रुपवर माँजीचा फोटो आला, खाली ते वाक्य आणि पुढं हात जोडलेल्यांची रांग. मीबी जोडले. घरी येऊन जाळ्यातला राघू काढला.

सतराव्या दिवशी त्यांच्या दारात डॉक्टरची गाडी दिसली. मी गेले. माँजीचा मुलगा ओसरीत डोकं धरून बसला होता. डॉक्टरनं सांगितलं होतं की लघवी बंद होत चाललीय, आज-उद्यात पोटात काही गेलं न्हाई तर माझ्याकडं आणूही नका. मुलगा पाया पडला होता, त्यांच्या जैन स्थानकातल्या साध्वींनी समजावलं होतं, म्हातारी ऐकत न्हाई. सून मला आतल्या खोलीच्या दाराशी घेऊन गेली आणि हळू आवाजात म्हणली, "काकू, तुम्हाला विचारू का? रोज सकाळी डोळे उघडले की एकच विचारतात, बाईची डोरी निघाली का. मंग आम्हाला खुर्चीत बसवून गॅलरीत न्यायला लावतात, तुमच्या झाडाकडं बघतात, आणि पुन्हा पडतात. कसली डोरी हो?"

मला आधी समजलंच न्हाई. मंग समजलं.

मागणी होती. फलक नव्हता एवढंच. सतरा दिवस ती बाई माझ्या भिंतीपलीकडं मरून राह्यली होती आणि मी तिच्या फोटोला हात जोडले होते.

एखादी रडली असती. मला राग आला. तिचा आला, सांगितलं का न्हाई म्हणून. माझा त्याहून जास्त आला, आणि तो कुठं काढावा कळेना. धावत घरी आले, चप्पलसुद्धा त्यांच्या दारात राहिली. विळा घेतला आणि परसात घुसले. खुंट्या उपटल्या, जाळं ओढलं. ते फांद्यांत अडकलं, मंग फांद्यांसकट कापलं. कच्चे जांब टपाटप डोक्यावर पडत होते, पायाखाली चिरडत होते. दातानं तंगूस तोडलं, ओठ कापला. शेंड्याला टांगलेल्या त्या राघूची नुसती पिसं अन् हाडं राहिली होती, ती अंगावर आली. माझ्या तोंडातून काय काय शिव्या जात होत्या त्या मलाच ठाऊक न्हाईत. नवरा मागच्या दारात येऊन उभा राहिला आणि पुढं यायची त्याची हिंमत झाली न्हाई.

जाळ्याच्या शेवटच्या घडीत एक राघू होता. जित्ता. सकाळीच अडकला असणार. मला त्याला सोडायचंच होतं, देवाशपथ सोडायचंच होतं. मी उजवा हात आत घातला, बोटांनी पंखाभोवतीचा तंगूस मोकळा करायला लागले, आणि त्यानं अंगठ्याच्या बुडाला चोच रोवली. हाडापर्यंत गेली. सोडेना. रक्ताची धार लागली. आणि माझ्या हातानं माझ्या डोक्याला काही विचारलं न्हाई. कट्‌ असा आवाज आला. एका झटक्यात.

चोच मंग आपसूक सुटली. मी हातात ते गरम पाखरू घेऊन उभी होते आणि वर बघितलं. गॅलरीत खुर्चीवर माँजी होती. जाळ्याचा आवाज ऐकून तिनंच सुनेला न्यायला लावलं असणार. ती माझ्याकडंच बघून राह्यली होती. सून म्हणत होती, माँजी बघा, निघाली डोरी, निघाली. म्हातारीनं डोळे मिटले आणि मान फिरवली.

नवऱ्यानं हाताला चिंधी बांधली. त्याला म्हणलं, दवाखान्यात मंग जाऊ. मी झाडाच्या बुडाशी खड्डा करून राघू पुरला आणि तशीच शेजारी गेले. सुनेनं सांगितलं की आता पाणीसुद्धा नको म्हणतात. मुलगा माझ्याकडं असा बघत होता की त्यानं मला हाकलून दिलं असतं तरी मी काही बोलले नसते. त्यानं हाकललं न्हाई, वाट सोडली.

मी तिच्या पलंगाखाली फरशीवर बसले. म्हणले, डोरी काढली. ती भिंतीकडं तोंड करूनच म्हणली, "बघितलं."

  मंग मी एकदम माळ्यावरचं सांगायला सुरुवात केली. का केली, माहीत न्हाई. कणीस, गोफणीची दोरी, "धर", चुलीपुढची आई, तो पहिला राघू, आणि मार न बसलेली ती सांज. जे नवऱ्याला सांगितलं न्हाई, लग्न होऊन गेलेल्या माझ्या लेकींना न्हाई, ते त्या पाठमोऱ्या बाईला सांगितलं. सांगताना मधीच रडू फुटलं आणि मी ते आवरलं न्हाई. ज्वारी तोंडावर मारली त्याची माफी मागितली. तिनं किती ऐकलं, जागी होती का झोपली होती, काही कळलं न्हाई. दुपार गेली. दिवस मावळायला आला तेव्हा तिनं हात मागं केला आणि सुनेला पाणी आण म्हणली. दोन घोट घेतले. मी घरी गेले.

सकाळी सूनच बोलवायला आली. माँजी पारणं करायचं म्हणतात, पण तुमच्याच हातानं, दुसऱ्या कुणाच्या न्हाई. तिच्या तोंडावर आनंद मावत नव्हता. मी अंघोळ केली, धुतलेली साडी नेसले. चिंधी काढून दवाखान्यातली पट्टी बांधून घेतली होती, ती सुकी राहावी म्हणून हातावर पिशवी घालून अंघोळ केली. जाताना परसात बघितलं. झाडाचा नुसता खराटा झाला होता, आणि त्यावर दोन राघू बसले होते.

खोलीत मुलगा, सून, दोन-तीन नातेवाईक. चांदीच्या वाटीत मुगाचं पाणी आणि चांदीचा चमचा. माँजीला उशांना टेकवून बसवलं होतं. मी पलंगाच्या काठावर बसले, उजव्या हातानं चमचा भरला आणि तिच्या तोंडाशी नेला.

तिनं तोंड उघडलं न्हाई. सून म्हणली, माँजी, आ करा. मुलगा म्हणला, ताकद न्हाई तिला, जरा थांबा. पण ती चमच्याकडं बघतच नव्हती. पट्टीकडं बघत होती.

"ह्या हातानं न्हाई, बाई," ती म्हणली. "त्या."

खोलीत कुणाला काही कळलं न्हाई. आमच्यात काय अन् त्यांच्यात काय, डाव्या हातानं कुणी कुणाला घास देत न्हाई. सुनेनं मधी हात घालायला बघितला, तर म्हातारीनं तिला नजरेनं थांबवलं. मी एकटीच काय ते समजले. सगळं ऐकलं होतं तिनं काल, एकूण एक.

मी चमचा डाव्या हातात घेतला. त्या हाताला कसली सवय न्हाई. अर्धं पाणी तिच्या हनुवटीवरून पदरावर सांडलं, अर्धं तिनं गिळलं. मी पुन्हा भरला. वाटी संपेपर्यंत बराच वेळ लागला, आणि तेवढा वेळ माझा उजवा हात तिनं आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला होता.